पत्र्याआडचा हात

खुशालरावांनी खिशातून ती वस्तू काढून धर्मपालच्या तळहातावर ठेवली, तेव्हा त्याला वाटलं, मालकांच्या घरी काहीतरी गोड घडलं असावं आणि ते खडीसाखर वाटताहेत. पांढरी, गुळगुळीत, भुईमुगाच्या दाण्यापेक्षा जरा मोठी. तो ती तोंडात टाकणारच होता. "खातं का बे?" मालक खदखदून हसले. "रिबिट हाय ते. प्लॅस्टिकचं. भोकात टाकाचं, वरून त्याचा खिळा हानाचा, की पलीकडं आपोआप त्याचे पाय फाकते. अकोल्याच्या दुकानदारानं मुंबईहून मागवलं. आता आतल्या माणसाचं काम नाई पडत." एवढं बोलून ते, भेंडी स्वस्त झाल्याची बातमी द्यावी तसे, पुढे निघून गेले. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. आतला माणूस म्हणजे समोर उभा असलेला हाच, हे बोलताना त्यांच्या ध्यानातच नव्हतं, आणि धर्मपालला लागलं ते नेमकं तेच. तो तळहाताकडे पाहत राहिला. त्या वस्तूला वजन असं नव्हतंच. हातावर काही ठेवलंय हे सांगायला डोळेच लागावेत, इतकी ती हलकी होती, आणि तरी त्याला आपला हात खाली करवेना.

राजापेठेच्या पुढे, बडनेऱ्याच्या रस्त्याला खुशालरावांचा गाड्यांच्या बॉडीचा कारखाना होता. नुसतं इंजिन आणि चाकं घेऊन आलेल्या गाडीच्या अंगावर इथे कपडा चढायचा. सांगाडा उभा करायचा, त्यावर पत्रा लावायचा आणि तो पत्रा रिबिटांनी टाचायचा. लोखंडी रिबिट हे एकट्याचं कामच नव्हे. बाहेरचा माणूस ते भोकात घालून डोक्यावर हातोडा मारणार, आतला माणूस त्याच क्षणी त्याच्या शेपटाला लोखंडी ठोकळा टेकवून धरणार. मधल्या मध्ये शेपूट चेपतं आणि पत्रा सांगाड्याला धरून बसतो. बाहेर सूर्यभान आणि आत धर्मपाल, ही जोडी इतकी जुनी झाली होती की कारखान्यात कुणी एकाचं नाव घेतलं की दुसऱ्याचं मागोमाग यायचंच. पण गंमत अशी की ही जोडी दिवसभर एकमेकांना दिसायची नाही. मध्ये पत्रा. सूर्यभान हातोड्याच्या टोकानं तीनदा हलकेच टकटक करायचा, म्हणजे विचारायचा, आहेस का. धर्मपाल ठोकळ्यानं एकदा टक करायचा, म्हणजे आहे. मग घाव. त्या घावावरून धर्मपालला सूर्यभानची तब्येत कळायची. त्याच्या घरच्या गोदावहिनी माहेरी गेलेल्या असल्या की घाव जरा तिरका येई, आणि नांदगाव पेठेकडच्या वावरात भावांशी वाजलं असलं की असा बसे की कोपरापर्यंत मुंग्या चढत. सूर्यभानलाही आतल्या हातावरून आतल्या माणसाचं काही कळत असेल का, हे धर्मपालनं कधी विचारलं नव्हतं. विचारणार कसं? जेवणाच्या सुट्टीत बाहेर आल्यावर दोघंही जरा अवघडूनच असायचे. पत्र्याआडून जेवढं बोलणं व्हायचं तेवढं तोंडासमोर होत नसे.

आत म्हणजे काय, हे आत बसल्याशिवाय कळायचं नाही. मार्चपासूनच पत्रा तापायचा. घाम डोळ्यांत उतरायचा आणि दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे तो पुसता यायचा नाही. सुरुवातीला, भोकं रिकामी असताना, प्रत्येक भोकातून उन्हाची एकेक बारीक काडी आत यायची आणि समोरच्या पत्र्यावर नाणी पसरल्यासारखे ठिपके पडायचे. धर्मपालला ते आवडायचं. पण एकेक रिबिट बसत गेलं की एकेक काडी विझायची. काम जितकं चांगलं व्हावं तितका अंधार वाढायचा. हे त्याच्या मनात अगदी पहिल्या आठवड्यात आलं होतं. नंतर सवयीनं येईनासं झालं, आणि आज, तळहातावर ती पांढरी वस्तू घेऊन उभा असताना, पुन्हा आलं. आपण इतकी वर्षं आतच का बसलो? काहून? कुणी बसवलं? हे ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे. त्रेपन्न साली दोघं एकाच दिवशी कामाला लागले होते. तेव्हाच्या फोरमननं दोघांची आडनावं विचारली, आणि सूर्यभानच्या हातात हातोडा दिला आणि धर्मपालला बोटानं आतली बाजू दाखवली. एक शब्दही वावगा बोलला नाही तो माणूस. उलट पाठीवर हात ठेवल्यासारखं करून, न ठेवताच, हसला होता. पुढे छप्पनच्या दसऱ्याला धर्मपाल आणि भागीरथा नागपूरला जाऊन आले. अंगावर पांढरे कपडे, डोक्यात नवीन नाव, आणि परतताना तिवस्यापर्यंत गाडीत दोघांपैकी कुणी खाली बघून बोललं नाही. घरातले जुने देव त्यानं स्वतःच्या हातानं बाहेर काढले. त्याला वाटलं होतं, आता सगळंच बदलेल. आणि सोमवारी सकाळी तो कारखान्यात गेला, ठोकळा उचलला आणि मुकाट्यानं आत शिरला. कुणी सांगितलं नव्हतं, त्या दिवशी तर नाहीच. फोरमनही तोवर नागपूरला निघून गेला होता. पायच आपले वळले. ही गोष्ट त्यानं भागीरथेला कधी सांगितली नव्हती, आणि सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय?

त्या दिवसांत कारखान्यात अकोल्याच्या एका ट्रस्टची गाडी उभी होती. फिरता दवाखाना. खेडोपाडी डॉक्टर, नर्स आणि औषधं घेऊन फिरायची म्हणून तिला बाहेरून खिडक्यांखाली पांढऱ्या प्लॅस्टिकचा रुंद पट्टा लावायचा होता, धुता यावा, दुरून दिसावा असा. लोखंडी रिबिटाच्या घावानं तो पट्टा तडकत होता. दोन तुकडे वाया गेले होते, म्हणून तर मालकांनी हे नवीन रिबिट मागवलं. दुपारी त्यांनी सूर्यभानला हाक मारली आणि पट्ट्याचा एक तुकडा लावून बघायला सांगितलं. धर्मपालला कुणी काही सांगितलं नाही. ये म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. मग तो जिथे जायचा तिथे गेला. गाडीच्या आत, मागच्या चाकाच्या उंचवट्यावर बसला, ठोकळा मांडीवर. आता आपण इथे पाहुणे, असं त्याच्या मनात आलं आणि त्याचं त्यालाच हसू आलं. बाहेर सूर्यभान मालकांना म्हणत होता, "खेळण्यातलं हाय हे, मालक. यानं गाडी टिकन का?" मग भोकातून ते पांढरं टोक आत आलं. उन्हाची काडी विझली. आणि सवयीनंच असेल, सूर्यभाननं तीनदा टकटक केलं.

धर्मपालचा हात उठला. त्यानं उचलला नाही, उठला. ठोकळा त्या पांढऱ्या टोकाला जाऊन टेकला, टक झालं, आणि घाव आला. कसला घाव तो! दारावर बोटाच्या पेरानं वाजवावं तेवढाच. मनगटात काहीच उतरलं नाही. त्यानं ठोकळा बाजूला करून पाहिलं. टोक चेपलं होतं आणि त्याचे चार बारीक पाय एकमेकांना चिकटूनच होते. त्यांना फाकायला पलीकडे मोकळी जागा हवी, आणि ती जागा त्याच्या ठोकळ्यानं अडवली होती. हे त्याला लख्ख कळलं. दुसरं टोक आत आलं. टकटकटक. इथे त्याला हात मागे घेता आला असता. पुढे त्या संध्याकाळी आणि रात्रीच्या जेवणापर्यंत तो हाच एक क्षण पुन्हा पुन्हा उलटून पाहत होता, की हात आपणहून गेला की आपण जाऊ दिला. पहिल्याचं सवयीवर टाकता येईल. दुसऱ्याचंही थोडंसं. पण तिसऱ्याला त्यानं ठोकळा नीट, घट्ट, अंगातल्या सगळ्या कसबानं धरला होता, आणि चौथ्याला त्याला बरं वाटलं होतं.

मालकांनी पट्ट्याचं टोक धरून ओढलं आणि सबंध तुकडा त्यांच्या हातात आला. पांढरी रिबिटं मातीत टपटप पडली. "बनवलं ना बे मुंबईवाल्याइनं!" ते कमरेवर हात ठेवून म्हणाले. "अकोल्याच्या त्या दुकानदाराचा मानूस उद्या येते. त्याच्याच डोक्शावर मारतो हे पाकीट. अन् ट्रस्टवाल्याइले सांगतो, पट्टा काई होत नाई, रंगच मारून घ्या." ते चिडले होते, पण फार नाही. नव्या वस्तूवर चिडण्यातही त्यांना एक मजा येत असे. सूर्यभान मात्र खरोखर खूश झाला. धर्मपाल बाहेर आल्यावर त्यानं कधी नव्हे ती आपली बिडी पुढे केली. "म्या म्हनलंच होतं. आपल्या जोडीले काई होत नाई गड्या. चार पैशाच्या प्लॅस्टिकनं तोडून टाकन का आपल्याले?" धर्मपालनं बिडी घेतली. ती ओढताना सूर्यभानच्या डोळ्यांत त्याला स्वतःविषयीची माया दिसली, अगदी खरी माया, आणि त्याला ओरडून सांगावंसं वाटलं की अरे, म्याच धरून होतो आतून. पण घशातून धूर निघाला फक्त. या माणसाला मी हवा आहे, तो म्हणाला मनाशी. पण कुठे हवा आहे? आत.

घरी भागीरथा चुलीशी बसली होती. तिनं काहीतरी विचारलं ते त्याला ऐकू आलं नाही. डावा कान कारखान्याला देऊन बरीच वर्षं झाली होती. आत बसलेल्या माणसाला आवाज सगळीकडून येतो, जायला जागा नसते म्हणून तो मग कानातच राहायला येतो, असं तो थट्टेनं सांगायचा. भागीरथेनं आपली उठायची-बसायचीसुद्धा बाजू बदलून घेतली होती, नेहमी उजवीकडून बोलायची. आज तो चुकीच्या बाजूला बसला होता. ती उठून दुसरीकडे आली. "अजी, मी विचारून राहिली, श्रावणाचा निरोप आला त्याचं काय? अकोल्याले तेलाच्या गिरणीत जागा हाय म्हनते. सरकीच्या गोदामात." श्रावण तिचा भाऊ. तो दर दोन-चार महिन्यांनी असा निरोप धाडायचा. एरवी धर्मपाल हसण्यावारी नेई. आज त्यानं नीट विचार करून पाहिला. अकोल्याच्या गिरणीचं गोदाम त्यानं पाहिलं होतं, लग्नानंतर पहिल्यांदा सासरी गेला तेव्हा. छपरापर्यंत सरकी, एक दिवा, खोकणारी माणसं. आतच ते. इथून उठून तिथे, आतून आत. "जाचं असन तर जाऊ," भागीरथा म्हणाली, "पण तुमच्या तोंडावरून तं वाटते का कारखान्यात कोनी काई बोललं." तो म्हणाला, "कोनी काईच बोललं नाई. तेच तं." आणि मग, जेवताजेवता, त्यानं तिला सगळं सांगितलं. रिबिटाचं, ठोकळ्याचं, तिसऱ्या-चौथ्या वेळचं. सोमवारचंही सांगितलं, नागपूरहून आल्यानंतरच्या. भाकरी संपली तरी दोघं तसेच बसले होते.

"मंग सांगून टाका मालकाले," ती शेवटी म्हणाली.

"सांगतलं तं काम जाते माह्यं."

"कोनतं काम जाते?" तिनं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "अंधारात बसून दुसऱ्याचा मार झेलाचं, तेच ना? जाऊ द्या की मंग. त्याच्यासाठी खोटं पाडून राहिले का तुमी स्वतःले?" तिचं बोलणं त्याला झोंबलं, कारण तो ठोकळा त्याला आवडत होता. हे कुणाला सांगून पटणार नव्हतं. तो धरण्यात एक कला होती, आणि ती त्याची होती. फोरमननं आडनावावरून दिलेली जागा त्यानं मनगटाच्या जोरावर आपली करून घेतली होती, इतकी आपली की आता तिच्यासाठी तो चोरी करू लागला होता. हे लक्षात आलं तेव्हा त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग, का कोण जाणे, एकदम हलकं वाटलं. काम टिकवायचं तर ते मालकांपाशी मागता येतं. इतक्या वर्षांत आपण काही मागितलंच नाही, दिलं ते धरलं. हातोडा द्या, असं एकदा तरी तोंडातून निघालं होतं का? नाही. भोकाच्या पलीकडे उजेड आहे हे रोज दिसत असताना आपण भोकं बुजवत बसलो. मालक नाही म्हणतील, म्हणू देत. नाही हा शब्द तरी एकदा समोरून ऐकू. तो झोपला तेव्हा भागीरथा उजव्या बाजूला काही गुणगुणत होती आणि त्याला ते स्पष्ट ऐकू येत होतं.

सकाळी अकोल्याच्या दुकानाचा माणूस मालकांसमोर स्टुलावर बसून चहा पीत होता आणि मालक त्याला हौसेनं फैलावर घेत होते. पांढऱ्या रिबिटांचं पाकीट टेबलावर पडलं होतं. धर्मपाल दारात उभा राहिला. बोलायचं ते त्यानं वाटेत चारपाच प्रकारांनी घोळवलं होतं. प्रत्यक्षात तोंडातून निघालं ते त्यातलं एकही नव्हतं. "मालक, रिबिट चांगलं हाय. म्या खराब केलं." त्यानं सांगितलं, आतून ठोकळा धरला होता म्हणून. पहिलं चुकून, बाकीची समजून. समजून हा शब्द त्यानं गिळला नाही. मालकांचं तोंड हळूहळू लाल झालं. "अन् काहून बे? काहून केलं असं?" "तुमी म्हनले ना मालक, आतल्या मानसाचं काम नाई." काल सकाळी आपण काय बोललो होतो ते खुशालरावांना आठवलं असावं. त्यांनी चहाची बशी उगाच इकडची तिकडे केली. अकोल्याचा माणूस तेवढा सुटल्यासारखा हसला.

"मंग आता काय करू म्हन्तं तुह्यं?" मालकांनी विचारलं.

"मले बाहेरचं काम द्या," धर्मपाल म्हणाला. "हातोडा द्या. हे रिबिट एका हातानं होते. गाडीच्या दोन बाजू हायेत. एक सूर्यभानभाऊ करतीन, एक मी करतो. पट्टा आजच्या आज लागन. नाई लागला तं मी आपला अकोल्याले जातो गिरणीत, तुमच्यावर बोल नाई." मालकांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. पत्र्याआडच्या माणसाचं तोंड आपण असं समोरून कधी पाहिलं होतं, असं काही त्यांच्या मनात चाललं असेल किंवा नसेलही. ते उठले, टेबलावरचं पाकीट उचललं आणि त्याच्या अंगावर फेकलं. धर्मपालनं ते झेललं. "डावी बाजू घे," ते म्हणाले. "अन् पुन्हा असा शहानपना केला तं मीच तुले अकोल्याच्या मोटारीत बसवून देईन." आवाजात दम होता, पण तो ओळखीच्या माणसाला द्यायचा दम होता.

सूर्यभान सगळं बाहेर उभा राहून ऐकत होता. गाडीपर्यंत दोघं बरोबर चालत आले, आणि तिथे आल्यावर धर्मपाल डाव्या अंगाला वळला, म्हणून सूर्यभानला क्षणभर कळेना की आता आपण कुठे उभं राहायचं. "खोटं बोलला तू माह्यासंगं," तो म्हणाला. "बिडी ओढली माही." "व्हय," धर्मपाल म्हणाला. "चुकलं भाऊ." सूर्यभाननं मान हलवली. राग आला होता त्याला, आणि रागाच्या खाली दुसरंही काही होतं, कारण तो तिथून हलेना. धर्मपालनं पट्टा लावला, भोकाला भोक जुळवलं, पांढरं रिबिट आत सारलं आणि हलकी हातोडी हातात घेतली. बाहेर ऊन होतं. आपली सावली पत्र्यावर पडलेली त्याला दिसत होती आणि ती त्याला फार मोठी वाटली. हात मात्र खाली येईना. पलीकडे कुणी नाही, ही भावना सहन होईना. रिकाम्या जागेवर घाव घालायचा, आणि ती जागाच ते धरून घेईल, यावर विश्वास ठेवायला मन धजत नव्हतं.

"थांब," सूर्यभान म्हणाला. तो गाडीला वळसा घालून मागच्या दाराशी गेला. पायरीवर पाय ठेवताना जरासा अडखळला, कारण कुठे पाय ठेवायचा हे त्याला ठाऊकच नव्हतं. या कारखान्यातून निघालेल्या एकाही गाडीच्या आत तो काम चालू असताना शिरलेला नव्हता. पत्र्यापलीकडे त्याच्या चपला घासत आल्याचं धर्मपालला उजव्या कानानं ऐकू आलं. कुठेतरी त्याचं डोकं आपटलं. त्यानं एक शिवी हासडली. मग तो रिबिटासमोर येऊन बसला असावा. "मी काई धरत नाई, बरं का," आतून आवाज आला. "नुसता पाह्यतो. हान तू."

धर्मपालनं हातोडी मारली, एकदाच. पत्रा हलला नाही, पट्टा तडकला नाही. आत क्षणभर काहीच आवाज नाही. आणि मग सूर्यभान ओरडला, "फाकले! चारी पाय फाकले बे! कसं धरून बसलं पाह्य, मानूस नाई काई नाई!" धर्मपाल हसू लागला. त्यानं पट्ट्याला हात घालून ओढून पाहिलं, सगळं अंग लावून ओढलं, तो जागचा हलला नाही. दुसरं रिबिट. तिसरं. दरवेळी आतून सूर्यभानची आरोळी, मग हळूहळू आरोळ्या कमी झाल्या आणि मग थांबल्या. धर्मपालला वाटलं, तो निघून गेला. पण तो आतच होता. बऱ्याच वेळानं त्याचा आवाज आला, दमलेला, जरा खालच्या पट्टीतला.

"धर्मपाल, इथं लय गरम होते रे."

"व्हय भाऊ," धर्मपाल म्हणाला. "लय होते."